कण्ह, काळा आणि काळी-पांढरी : नाशिक परिसरातील एका विशेषणाचा इतिहास

नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या डोंगरात कोरलेल्या लेण्यांपैकी एकोणिसाव्या लेण्याच्या खिडकीवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत एक छोटा लेख आहे, आणि नाशिकच्या ज्ञात शिलालेखांत तो सर्वांत जुन्यांपैकी एक मानला जातो. सादवाहन म्हणजे सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळी, नाशिकच्या श्रमणांची व्यवस्था पाहणाऱ्या महामात्राने, म्हणजे वरिष्ठ राजाधिकाऱ्याने, हे लेणे करविले, एवढाच त्याचा आशय. लेखातील ‘लेण’ हा शब्द आजच्या मराठीत ‘लेणे’ म्हणून जिवंत आहे आणि ‘नासिकक’ हे रूप या गावाचे नाव तेव्हाही हेच होते असे सांगते. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजी यांनी आणि पुढे एमिल सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात (१९०५-०६) या लेण्यांतील लेखांचे वाचन प्रसिद्ध केले, तेव्हापासून सातवाहनांच्या इतिहासात या लेखाला पायाभूत स्थान मिळाले, कारण सातवाहन घराण्यातील ज्या ‘कृष्ण’ राजाचे नाव पुराणांच्या वंशावळीत येते, त्याचा दगडावरचा पुरावा येथे हाती लागला. त्याचा काळ अभ्यासक इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या किंवा पहिल्या शतकात ठेवतात.

राजकीय इतिहासाने या लेखातून राजाचे नाव घेतले. भाषेच्या इतिहासाला त्याच नावात आणखी एक गोष्ट दिसते. ‘कण्ह’ हे संस्कृत ‘कृष्ण’ शब्दाचे प्राकृत रूप असून ‘कृष्ण’ हे मुळात विशेषनाम नव्हे, तर ‘काळा’ या अर्थाचे साधे रंगवाचक विशेषण आहे. ऋग्वेदात ते काळोखाला, काळ्या वर्णाला, काळ्या जनावराला लागते. हेच विशेषण भारतापासून हजारो किलोमीटर दूर, पूर्व युरोपातील स्लाव्हिक भाषांतही आहे: रशियनमध्ये ‘च्योर्नी’, पोलिशमध्ये ‘चार्नी’, चेकमध्ये ‘चेर्नी’, सर्बियनमध्ये ‘त्सर्न’. या सर्व रूपांच्या मागे भाषाशास्त्रज्ञ आद्य स्लाव्हिक भाषेतील *चिर्नु हे विशेषण मानतात. आद्य स्लाव्हिक म्हणजे स्लाव्ह लोक पांगण्यापूर्वी, इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या मध्यापर्यंत, बोलत असावेत ती समाईक भाषा. तिचा एकही लेख उपलब्ध नाही, कारण स्लाव्हांचे लेखन सिरिल आणि मेथोडियस या धर्मप्रचारक बंधूंनी ८६३ च्या सुमारास मोराव्हियात सुरू केलेल्या कार्यापासूनच सुरू होते. म्हणून तिची रूपे नंतरच्या भाषांची तुलना करून उभी करावी लागतात, आणि अशा पुनर्रचित रूपाच्या आधी तारकाचिन्ह लावण्याचा प्रघात आहे. ऑगस्ट श्लायशर या जर्मन पंडिताने १८६० च्या दशकात तो रूढ केला. *चिर्नु मधील इकार व उकार अत्यंत ऱ्हस्व, जवळजवळ ओझरते उच्चारले जात, हे देवनागरीत दाखवण्याची सोय नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

‘कृष्ण’ आणि *चिर्नु हे वरवर पाहता एका घरचे वाटत नाहीत. त्यांचे नाते ध्वनींच्या नियमित बदलांतूनच सिद्ध होते. दोन्हींच्या मागे मूळ इंडो-युरोपीय भाषेतील *कृस्नोस् असे रूप धरले जाते. र, उ, क, इ या ध्वनींच्या पाठोपाठ येणारा ‘स’ बदलतो, असा एक नियम भारतीय-इराणी आणि स्लाव्हिक या दोन्ही शाखांत आढळतो. संस्कृतात त्यामुळे ‘स’चा मूर्धन्य ‘ष’ झाला आणि ‘कृष्ण’ हे रूप आले. स्लाव्हिकमध्ये त्याच ‘स’चा घशातून घासत निघणारा ‘ख’सारखा ध्वनी झाला आणि ‘र’ व ‘न’ यांच्या मध्ये सापडून तो पुढे गळाला. संस्कृतातला स्वर ‘ऋ’ स्लाव्हिकच्या पूर्वजाने ‘इर्’ असा उच्चारला, आणि त्या इकारासमोरच्या ‘क’चा तालव्य ‘च’ झाला. या साखळीतील मधला दुवा कल्पनेतला नाही. बाल्टिक समुद्राकाठची, आता मृत झालेली प्राचीन प्रशियन भाषा ‘किर्स्नन’ असा शब्द ‘काळा’ या अर्थाने नोंदवते, आणि त्यात ‘क’, ‘र’, ‘स’, ‘न’ हे चारही व्यंजनध्वनी जागच्या जागी आहेत.

नाशिकच्या लेखातील ‘कण्ह’ या रूपानेही मूळ ध्वनीचा अवशेष आपल्या पद्धतीने जपला आहे. प्राकृतात ‘ष्ण’ या जोडाक्षराचा ‘ण्ह’ होतो. वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाश’ या प्राकृत व्याकरणात यासाठी स्वतंत्र सूत्र आहे. या बदलाचा परिणाम मराठी माणसाच्या तोंडी रोज असतो: ‘उष्ण’पासून ‘उण्ह’ आणि त्यापासून ‘ऊन’, ‘तृष्णा’पासून ‘तण्हा’ आणि त्यापासून ‘तहान’. त्यामुळे ‘कण्ह’मधील ‘ह’ हा मूळ ‘स’चाच उतरलेला अंश आहे, जो स्लाव्हिक शाखेत पूर्णपणे नाहीसा झाला. याच लेण्यांच्या डोंगराचे लेखांतले ‘तिरण्हु’ हे नावही, म्हणजे संस्कृत ‘त्रिरश्मी’, अशाच प्रक्रियेतून आलेले आहे.

या विशेषणाचे सर्वांत विलक्षण दर्शन मात्र तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात घडते. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची आई गौतमी बलश्री हिने, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राजवटीच्या एकोणिसाव्या वर्षी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, हे लेणे भदायनीय या बौद्ध पंथाच्या भिक्षूंना दान दिले आणि त्या निमित्ताने आपल्या दिवंगत मुलाची प्रशस्ती कोरवली. त्या प्रशस्तीत तो ज्या पर्वतांचा स्वामी होता त्यांची नामावळी आहे: विंध्य, ऋक्षवत, पारियात्र, सह्य यांच्याबरोबर ‘कण्हगिरि’ आणि पुढे ‘सेटगिरि’ ही नावे येतात, म्हणजे काळा डोंगर आणि पांढरा डोंगर. कण्हगिरी म्हणजे मुंबईजवळचा कान्हेरीचा डोंगर असे बहुतेक अभ्यासक मानतात. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांतही ‘कण्हसेल’, म्हणजे कृष्णशैल, असे नाव आहेच. अॅड्रियाटिक समुद्रालगतच्या माँटेनेग्रो देशाचे त्याच्या स्वतःच्या भाषेतले नाव ‘त्सर्ना गोरा’ असे आहे आणि त्याचाही अर्थ काळा डोंगर असाच होतो. त्यातले ‘त्सर्ना’ हे *चिर्नु या विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप. ‘गोरा’ म्हणजे डोंगर, आणि हा शब्द संस्कृत ‘गिरि’चा सख्खा नातलग आहे, मराठी ‘गोरा’शी त्याचा काही संबंध नाही. म्हणजे नाशिकच्या कातळावरचे ‘कण्हगिरि’ आणि बाल्कनमधले ‘त्सर्ना गोरा’ ही दोन्ही नावे एकाच प्राचीन साठ्यातील त्याच दोन घटकांची बनलेली आहेत. ही दोन नावे एकमेकांवरून घेतलेली नाहीत. दाट झाडीचा किंवा गडद खडकाचा डोंगर लांबून काळा दिसतो आणि लोक त्याला काळाच म्हणतात. पण शतकानुशतकांच्या आणि दोन खंडांच्या अंतरावर तेच दोन घटक त्याच क्रमाने जुळावेत, ही तुलनात्मक भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला थक्क करणारी घटना आहे, आणि तिचा अर्धा पुरावा नाशिकला आहे.

‘सेटगिरि’तील ‘सेट’ म्हणजे संस्कृत ‘श्वेत’. त्याचाही स्लाव्हिक भाऊबंद आहे, पण तेथे विशेषणाचे नाम झाले आणि अर्थ सरकला: रशियन ‘स्व्येत’ म्हणजे उजेड, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ जग. पांढरा या अर्थासाठी स्लाव्हांनी *ब्येलु हे वेगळे विशेषण घेतले, ज्याचे मूळ ‘चमकणे’ या अर्थाच्या धातूत आहे आणि ज्याचा संबंध संस्कृत ‘भाति’, म्हणजे प्रकाशतो, या क्रियापदाशी लावला जातो. सर्बियाची राजधानी बेलग्रेड म्हणजे पांढरे नगर, ती याच विशेषणामुळे. स्लाव्हांनी या जोडीतला काळ्याचा शब्द मुळातला ठेवला व पांढऱ्याचा बदलला. मराठीने दोन्ही बदलले. आज सामान्य मराठी बोलण्यात ‘कृष्ण’ हे रंगाचे नाव उरलेले नाही आणि ‘श्वेत’ फक्त ‘श्वेतपत्रिका’सारख्या घडवलेल्या शब्दांत भेटतो. त्यांची जागा ‘काळा’ आणि ‘पांढरा’ या दोन शब्दांनी घेतली.

हा पालट कसा झाला याचा एक मोलाचा धागा गुजरातेत बाराव्या शतकात होऊन गेलेल्या हेमचंद्राच्या व्याकरणात मिळतो. ‘कृष्ण’ शब्दाला प्राकृतात काय रूपे होतात ते सांगताना हेमचंद्र म्हणतो की तो वर्णवाचक असेल तर ‘कसण’, ‘कसिण’ आणि ‘कण्ह’ अशी रूपे होतात, पण तो विष्णूचे नाव असेल तेव्हा मात्र ‘कण्ह’ एवढेच. रंग आणि देव यांच्या वाटा तेव्हाच वेगळ्या होऊ लागल्या होत्या, आणि वैयाकरणाला त्याची नोंद घ्यावी लागली, ही गोष्ट फार बोलकी आहे. जो शब्द एखाद्या लाडक्या देवाचे नाव बनतो तो चिखलाला, कावळ्याला, तव्याला सहज लावता येत नाही. असा शब्द वंदनीय होतो आणि कामातून जातो. मराठीत ‘कण्ह’ पुढे ‘कान्हा’, ‘कान्हू’, ‘कान्होबा’ झाला, मंगळवेढ्याच्या संत कान्होपात्रेच्या आणि सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावांत तो राहिला, पण काळ्या गाईला ‘कान्ही गाय’ म्हणण्याची सोय राहिली नाही. संस्कृतातला ‘कृष्णमृग’ मराठीत ‘काळवीट’ आहे, आणि नाशिक जिल्ह्यात येवले तालुक्यातील ममदापूरच्या माळावर त्याच्यासाठी राखलेले वनक्षेत्रही काळविटांचे म्हणूनच ओळखले जाते. येथे एक सावधगिरी हवी: ‘कान्ह’ किंवा ‘कण्ह’ अशा आवाजाचा प्रत्येक मराठी शब्द कृष्णाकडून आलेला नाही. कण्हेरीच्या झाडाचे नाव ‘करवीर’ या वेगळ्याच संस्कृत शब्दावरून आले आहे, आणि नुसत्या आवाजाच्या साम्यावर व्युत्पत्ती सांगणाऱ्या पुष्कळ पुस्तकांनी असे घोटाळे करून ठेवले आहेत.

ज्या ‘काळा’ शब्दाने ही जागा घेतली त्याचे कूळ ‘कृष्ण’इतके उघड नाही. रंगवाचक ‘काल’ ऋग्वेदात आढळत नाही. पाणिनीला मात्र तो ठाऊक आहे, कारण ‘काल’चे स्त्रीलिंग रंगाच्या अर्थी ‘काली’ असे होते हे त्याने सूत्रात सांगितले आहे. त्याच्या मुळाविषयी दोन मते दीर्घकाळ चालत आली आहेत. एक मत तो इंडो-युरोपीय मानते आणि स्लाव्हिकमधील *कालु, म्हणजे चिखल, या नामाशी जोडते. दुसरे मत त्याला द्राविडी मानते, कारण तमिळमधील ‘करु’, ‘कार्’ आणि कन्नडमधील ‘करि’ असे ‘काळा’ या अर्थाचे शब्द दक्षिणेत सर्वत्र आहेत. दख्खनचा इतिहास पाहता दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे, कारण गोदावरीच्या खोऱ्यात उत्तरेची प्राकृत आणि दक्षिणेच्या द्राविडी भाषा शतकानुशतके शेजारी नांदल्या, आणि रोजच्या वापराचे शब्द राजदरबारापेक्षा शेजारातूनच येतात. मूळ काहीही असो, दोन स्वरांमधल्या ‘ल’चा ‘ळ’ करण्याच्या मराठीच्या सवयीने त्याला आजचे रूप दिले, जसे ‘फल’चे ‘फळ’ झाले.

पांढऱ्याच्या बाबतीत मराठीने आणखी एक बारीक भेद केला. ‘पांढरा’ हा ‘पाण्डुर’ किंवा ‘पाण्डर’ म्हणजे फिकट या विशेषणापासून आला आणि तो वस्तूंना लागतो. माणसाच्या कातडीसाठी मराठीने ‘गौर’पासून आलेला ‘गोरा’ राखून ठेवला. मराठी बोलणारा उजळ कांतीच्या माणसाला ‘पांढरा’ म्हणत नाही, म्हणाला तर तो आजारी आहे असा अर्थ होतो. काळ्या बाजूला अशी विभागणी झाली नाही, तरी ‘श्यामल’पासून आलेला ‘सावळा’ हा माया असलेला शब्द हाताशी राहिला. पंढरपूरचा विठ्ठल काळ्या पाषाणाचा, सावळा म्हणून वर्णिलेला, आणि त्याचे नाव मात्र ‘पांडुरंग’, म्हणजे शब्दशः पांढऱ्या वर्णाचा. रा. चिं. ढेरे यांच्यासह अनेक संशोधकांनी हे नाव ‘पंडरगे’ या जुन्या कानडी स्थलनामाशी जोडले आहे, म्हणजे देवाचा रंग सांगण्यासाठी ते मुळात आलेच नसावे.

नाशिकच्या पंचवटीत हा भेद दोन मंदिरांच्या नावांनी प्रत्यक्ष उभा आहे. काळ्या पाषाणाच्या मूर्तीचा तो काळाराम, शुभ्र मूर्तीचा तो गोराराम. लोकांनी त्याला ‘पांढरा राम’ म्हटले नाही, कारण देव ही वस्तू नव्हे, व्यक्ती आहे, हे त्यांच्या भाषेला पक्के माहीत होते. काळारामाचे आजचे देवालय सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बांधले, आणि मूर्तीप्रमाणे इमारतही काळ्या दगडाची आहे. हा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा खडक. कण्ह राजाचा लेख ज्या डोंगरात कोरला तोही त्याच खडकाचा. येथे ‘काळा’ हे विशेषण पूर्णपणे आदराचे आहे आणि त्यात कमीपणाचा लवलेश नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली याच मंदिरासमोर प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. भाऊराव तथा दादासाहेब गायकवाड यांनी तो नाशिकात नेटाने चालवला, पाच वर्षे झुंज देऊनही मंदिराची दारे उघडली नाहीत, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. तेव्हापासून ‘काळाराम’ हे नाव भारताच्या सामाजिक इतिहासात या लढ्याचे नाव म्हणूनही वाचले जाते. ज्या समाजाने काळ्या मूर्तीपुढे हात जोडले त्यानेच माणसांना दाराबाहेर ठेवले, हे या नावाच्या इतिहासातून वगळता येणार नाही.

हीनतेचा अर्थ मराठी ‘काळ्या’ला आहेच: तोंड काळे करणे, काळेबेरे असणे, काळी करणी. मात्र ज्या क्षेत्रात हे विशेषण सर्वांत खोल रुजले, म्हणजे शेतीत, तेथे त्याचा अर्थ पूर्णपणे उलटा आहे. महाराष्ट्रातील गावाची जमीन परंपरेने दोन भागांत ओळखली जाते: पिकाची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. विशेषणे स्त्रीलिंगी नामे झाली, आणि ‘जमीन’ हा शब्द उच्चारण्याची गरजही राहिली नाही. मराठा काळातील कारभारात ही जोडी केवळ वर्णनाची नव्हती, हिशेबाची होती. काळीवर पिकाचा सारा बसे. पांढरीवर, म्हणजे घरे, दुकाने व कारागिरांच्या धंद्यांवर, मोहतर्फा नावाचा कर असे. पाटील-कुलकर्णी, बलुतेदार, मिरासदार हे सारे पांढरीचे रहिवासी, आणि त्यांचे हक्क मात्र काळीतून येत: सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याची रास पडली की सुतार, लोहार, चांभार, कुंभार, महार, मांग, न्हावी, परीट आपापल्या बलुत्याचा वाटा तेथेच उचलत. पुढे ‘पांढरी’ हा शब्द गावकरी मंडळींनाही लागू लागला, म्हणजे जागेचे नाव समाजाचे नाव झाले.

या दोन शब्दांच्या मुळाशी मातीचे खरे गुणधर्म आहेत. नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागात, गोदावरी, कादवा व गिरणा यांच्या खोऱ्यांत, बेसाल्ट झिजून झालेली खोल काळी माती आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी मिळाले की फुगते आणि उन्हाळ्यात आटून तिला हातभर खोल भेगा पडतात. ती ओल धरून ठेवते म्हणून पावसाळा सरल्यावरही निफाडकडे तीत गहू-हरभरा उभा राहतो, पण फुगण्या-आटण्याच्या याच स्वभावामुळे तिच्यावर बांधलेली मातीची भिंत तडकते. त्यामुळे जुन्या गावांनी घरांसाठी मुरमाचा उंचवटा निवडला आणि काळी पिकासाठी मोकळी ठेवली. उंचवट्यावरची मातीची घरे पावसाने ढासळत, त्यांच्यावर नवी उभी राहत, चुलीची राख, शेण, चुना आणि कुजलेला कचरा त्यात मिसळत जाई, आणि शतकानुशतके असे होऊन फिकट, भुरकट, पिठासारख्या मऊ मातीचा थर साचे. हीच पांढरीची माती. पूर्वेकडच्या कमी पावसाच्या तालुक्यांत ती धाब्याच्या घरांच्या छपरावर पसरून चोपत, कारण ती नीट दाबली की पाणी आत शिरू देत नाही. शेतकरी काळीला ‘काळी आई’ म्हणतो. पांढरीला आई म्हणण्याची पद्धत नाही, पण तिला गावदेवतेइतका मान आहे.

रशियाच्या इतिहासातही काळा-पांढरा ही जोडी जमीनमहसुलात आली, फक्त वेगळ्या वाटेने. मध्ययुगीन मॉस्कोच्या राज्यात ‘च्योर्निये’, म्हणजे काळे लोक, हे कर भरणाऱ्या सामान्य प्रजेचे नाव होते. उत्तरेकडील जे शेतकरी कोणा जमीनदाराचे कूळ नसून थेट राजाला सारा भरत, त्यांना ‘काळ्या नांगराचे’ असे म्हणत. उलट शहरांतील करमुक्त वस्त्यांना ‘पांढऱ्या’ वस्त्या म्हणत, आणि १६४९ च्या राजसंहितेने त्यांची ही सवलत काढून घेतली. तेथे काळा म्हणजे कराचे ओझे असलेला आणि पांढरा म्हणजे त्यातून सुटलेला. मराठी मुलखात कर दोन्हींवर होता आणि नावे मातीच्या रंगाची होती. शेतीच्या क्षेत्रातही *चिर्नु आणि ‘काळी’ समोरासमोर येतात: युक्रेन व दक्षिण रशियातील सुपीक जमिनीला ‘चेर्नोझ्योम’, काळी भूमी, म्हणतात, आणि १८८३ मध्ये वसिली दोकुचायेव यांनी तिच्यावर लिहिलेल्या ग्रंथातून मृदाशास्त्र हे स्वतंत्र शास्त्र उभे राहिले. दोन्ही जमिनी काळ्या आणि दोन्ही सुपीक असल्या तरी त्या एक नव्हेत. चेर्नोझ्योमचा काळेपणा गवताच्या कुजण्याने साठलेल्या ह्यूमसचा आहे. दख्खनच्या काळीत सेंद्रिय अंश अगदी थोडा, बहुधा एक टक्क्याच्या आतबाहेर, आणि तिचा रंग मुख्यतः बेसाल्टमधून आलेल्या चिकणमातीचा व खनिजांचा आहे. रंगावरून जमिनीची प्रत ठरवण्याची सवय मात्र शेतकऱ्याला दोन्हीकडे शास्त्राच्या कितीतरी आधी होती.

पांढरीला विसाव्या शतकात एक नवा अर्थ मिळाला, आणि त्याचे श्रेय पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांना आहे. ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिकच्या गोदाकाठच्या मातीच्या गढीचे आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जोर्वे येथील टेकाडाचे उत्खनन केले, त्याचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि नाशिकची वस्ती ताम्रपाषाण युगापासून थेट ऐतिहासिक काळापर्यंत एकावर एक थरांत उलगडली. प्राचीन गाव शोधायचे तर आधी खेड्यातल्या जाणत्याला ‘जुनी पांढर कुठे?’ असे विचारावे, हे सर्वेक्षकांचे साधे तंत्र महाराष्ट्रात तेव्हापासून रुळले. कागदावर गावाची नोंद नसली तरी ओसाड झालेल्या वस्तीची आठवण लोक ‘पांढरीचे शेत’ अशा नावाने धरून ठेवतात. महसुली परिभाषेत आज ‘गावठाण’ हा शब्द चालतो, पण गावठाण म्हणजे कायद्याने आखलेली हद्द, आणि पांढर म्हणजे माणसे प्रत्यक्ष राहिल्याने बनलेली जमीन. पुरातत्त्वाच्या कामाला दुसरा शब्दच उपयोगी पडतो.

या टेकाडांना सर्वांत मोठा धोका त्यांच्या गुणातूनच आला आहे. राख, शेण आणि हाडे मिसळल्याने पांढरीची माती पिकाला खतासारखी लागू पडते, म्हणून ती गाड्या भरभरून काळीत नेऊन टाकण्याची रीत जुनी आहे, आणि बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर व खोदयंत्र आल्यापासून जे पिढ्यान्‌पिढ्या पुरले असते ते टेकाड थोड्या दिवसांत सपाट होऊ शकते. त्या मातीबरोबर खापरे, मणी, नाणी आणि घरांच्या जमिनींचे थर शेतात विखुरतात, आणि थरांचा क्रम एकदा मोडला की कोणतेही शास्त्र तो पुन्हा जुळवू शकत नाही. नाशिक जिल्ह्यातील ज्या गावाच्या शिवारात ‘पांढर’ किंवा ‘पांढरी’ नावाचे टेकाड अजून शिल्लक असेल, तेथील ग्रामपंचायतीने आणि शेतकऱ्यांनी त्यातून माती उचलण्यापूर्वी राज्य पुरातत्त्व विभागाला कळवावे आणि पाहणी होईपर्यंत थांबावे.